भाचीच्या वाढदिवसाचे पत्र

किशोरवयीन भाचीला वाढदिवसानिमित्त मावशीने किंवा आत्याने लिहिलेल्या पत्रात दोन गोष्टी असतात: आठवणी आणि सल्ला. पहिल्या बाबतीत तिच्याइतके जाणकार फार थोडे असतात, दुसऱ्या बाबतीत मात्र पुष्कळ जण असतात. तरीही बहुतेक पत्रांत प्रमाण उलटे पडते. पानभर उपदेश, आणि शेवटी 'तू लहानपणी फार गोड होतीस' एवढी एकच ओळ. १३ ते १९ या वयातल्या मुलीला उपदेश शाळेत, घरी, क्लासमध्ये, अगदी लग्नकार्यात भेटणाऱ्या लांबच्या नातेवाइकांकडूनही मिळत असतो. ती चार वर्षांची असताना कशी हट्टाला पेटली होती, हे सांगणारी माणसे मात्र मोजकीच असतात. पत्राची सुरुवात तिथून करावी.

या नात्याची जागा वेगळी आहे. मार्कांचा, फीचा, रात्री किती वाजता घरी यायचे याचा हिशेब आईकडे असतो, मावशीकडे नसतो. त्यामुळे मुलगी मावशीचे बोलणे ऐकते तेव्हा तिला लगेच बचावाचा पवित्रा घ्यावा लागत नाही. 'माय मरो, मावशी जगो' या म्हणीतली अतिशयोक्ती सोडून द्यावी, पण तिच्यामागचा अनुभव खरा आहे. आत्याचा मान जन्मापासूनचा. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगते ती आत्याच, आणि घरातल्या मुलीपणाचा अनुभव तिने त्याच घरात घेतलेला असतो. काकू आणि मामी लग्न करून सासरी आलेल्या असतात. नव्या घरात पहिले वर्ष कसे जाते, हे त्यांनीच सांगावे. ज्या बाजूने नाते जुळले आहे त्या बाजूची आठवण सर्वांत बळकट असते, आणि लिहिणारीने तिथेच उभे राहून लिहावे.

आठवणी गोळा करायला वाढदिवसाच्या आदल्या रात्री बसू नये. पंधरा दिवस आधी जुने अल्बम काढावेत, आजीला फोन करावा, बारसे, उष्टावण, जावळ, बोरन्हाण यांपैकी कशाला आपण हजर होतो ते आठवावे. संक्रांतीनंतरच्या बोरन्हाणात डोक्यावरून चुरमुरे-बोरे पडताना बहुतेक मुले रडतात. ती रडली की खाली बसून बोरे वेचायला लागली, ही नोंद घेण्याजोगी. निवडीची कसोटी सोपी आहे: आठवणीत भाचीने काहीतरी केलेले असावे. ती गोड दिसत होती, ही आठवण फोटोची झाली. तिने शेजारच्या मुलाची सायकल परत मागून आणली, बालवाडीच्या पहिल्या दिवशी दुसऱ्याच मुलीची समजूत घातली, आजोबांच्या काठीला नाव ठेवले, या आठवणी तिच्या स्वतःच्या होतात. अशी एक पुरते, दोन असल्या तर उत्तम. प्रसंग कुठे घडला, कोण कोण होते, बाहेर पाऊस होता का, हे तपशील लिहावेत. ते नसले तर आठवण खरी वाटत नाही.

काही आठवणी मात्र वगळाव्यात. अंथरूण ओले करण्याच्या, वजनाच्या, रंगाच्या, दाताच्या गमती मोठ्यांना गोड वाटतात. १४ वर्षांच्या मुलीला त्या वर्षभर बोचतात. 'लहानपणी किती गोरी होतीस' हे वाक्य कौतुक म्हणून लिहिले जाते आणि तक्रार म्हणून वाचले जाते. आत्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. भावाच्या मुलीला 'माझी सून' म्हणण्याची थट्टा अनेक घरांत पाळण्यापासून चालत आलेली असते. मुलगी वयात आली की ती थट्टा थांबवावी, पत्रात तर तिला अजिबात जागा देऊ नये. आतेभावाशी तिचे जे सहज नाते असते, ते या एका विनोदाने अवघडते.

यानंतर स्वतःची आठवण. इथे 'आमच्या वेळी' अशी सुरुवात केली की पत्र संपलेच. त्या दोन शब्दांपुढे तुलना येणार हे भाची ओळखून असते. त्याऐवजी एका दिवसाचा प्रसंग सांगावा: कोणते वर्ष, कोणते गाव, वय किती, भीती कशाची, घरात कोण काय म्हणाले, आणि शेवटी काय झाले. दहावीला गणितात कमी पडले आणि निकालाचा कागद दोन दिवस दप्तरात लपवला, एवढे लिहिले तरी चालते. त्यातून काय शिकावे, हे लिहिण्याची गरज नसते. आठवणीत लिहिणारी नेहमी शहाणी आणि धीट दिसत असेल तर कागद बाजूला ठेवून पुन्हा आठवावे.

वाढदिवस तिथीचा की तारखेचा, हा प्रश्न अजून पुष्कळ घरांत असतो. आजी तिथीला औक्षण करते, मैत्रिणी तारखेला केक आणतात. दोन्ही दिवस वर्षानुवर्षे मागेपुढे सरकतात आणि साधारण १९ वर्षांनी पुन्हा जवळजवळ एकत्र येतात, कारण १९ सौर वर्षांत चांद्र महिने जवळपास नेमके २३५ बसतात. १९ वा वाढदिवस म्हणजे किशोरवयातला शेवटचा, त्यामुळे पंचांग काढून ही जुळणी तिला दाखवायला चांगले निमित्त आहे. फरक एका दिवसाचा पडू शकतो. पत्र तिथीच्या दिवशी द्यावे. त्या दिवशी घरात गर्दी कमी असते.

औक्षणाविषयी एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. ताम्हणात निरांजन, हळदकुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी घेऊन पाच सवाष्णींनी ओवाळायचे, ही रीत. त्या रीतीत विधवा किंवा अविवाहित मावशी-आत्या दाराशी उभ्या राहतात, आणि हे दृश्य मुलगी दरवर्षी पाहत मोठी होते. ज्या बाईने तिला अंगाखांद्यावर खेळवले तिने ओवाळू नये, याला कोणतेही समर्थन पुरेसे नाही. मुलीने स्वतः पाटावर बसून 'मला मावशी ओवाळणार' म्हटले तर आजीलाही नाही म्हणणे जड जाते. हे तिला आधी सुचवून ठेवायला हरकत नाही.

सल्ल्यांची संख्या तीनच्या वर जाऊ देऊ नये. वाढदिवसाच्या पत्रांची परंपरा भारतीय वाचकाला ओळखीची आहे. जवाहरलाल नेहरूंनी नैनीच्या तुरुंगातून २६ ऑक्टोबर १९३० रोजी इंदिरेला तिच्या १३ व्या वाढदिवसाचे पत्र लिहिले. तिची जन्मतारीख १९ नोव्हेंबर, पण पत्र भारतीय पंचांगानुसार आलेल्या वाढदिवसाचे आहे. उपदेश करायला आपल्याला आवडत नाही असे सांगून त्यांनी कसोटी एकच दिली: लपवावेसे वाटेल असे काही करू नये. मराठीत साने गुरुजींनी आपल्या पुतणीला लिहिलेली 'सुंदर पत्रे' आहेत. त्यांत झाडे, पाऊस, माणसे, पुस्तके आणि जगातल्या घडामोडी यांना भरपूर जागा आहे. उपदेश त्यांच्या आडून येतो. मावशीने यांपैकी गुरुजींची वाट धरावी. नेहरूंची कसोटी बापाने मुलीला दिलेली आहे, आणि आजच्या १५ वर्षांच्या मुलीला ती जशीच्या तशी देणे धोक्याचे ठरू शकते. लपवावेसे वाटणाऱ्या गोष्टींत कधीकधी तिचा दोष नसतोच, दुसऱ्या कुणाचा असतो.

म्हणून पहिला सल्ला प्रत्यक्षात आश्वासन असावा. काही बिघडले तर कोणत्याही वेळी फोन कर, आधी ऐकून घेईन, ओरडा नंतर. 'कुणाला सांगणार नाही' असे सरसकट वचन मात्र देऊ नये. परीक्षेतली कॉपी, मैत्रिणीशी भांडण, आवडलेला मुलगा, यांवर तोंड बंद ठेवता येते आणि ठेवावेही. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तसे नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालील मुलावर असा गुन्हा झाल्याचे किंवा होणार असल्याचे ज्याला कळते, त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मावशीही त्यातून सुटत नाही. तेव्हा पत्रातच प्रामाणिकपणे लिहावे: तुझ्या जिवाला किंवा शरीराला धोका असेल तर मी गप्प बसणार नाही, पण पुढचे प्रत्येक पाऊल तुला सांगून टाकीन. सोबत दोन क्रमांक लिहून द्यावेत, मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आणि मानसिक आधारासाठीची टेली-मानस १४४१६. फोटोवरून कुणी धमकावत असेल तर पैसे देऊ नयेत, मेसेज पुसू नयेत, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व मुलांविषयीची तक्रार नाव न सांगताही करता येते, हेही तिला माहीत असावे. फोन कमी वापर, असे लिहून जागा वाया घालवू नये. ते रोज कुणीतरी सांगतच असते.

दुसरा विषय शरीराचा. पाळीच्या दिवसांत 'कावळा शिवला' म्हणून कोपऱ्यात बसलेल्या, लोणच्याच्या बरणीपासून लांब ठेवलेल्या मावश्या अजून चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांनी तो कोपरा जसाच्या तसा लिहावा, कोणत्या खोलीत, कोणत्या चटईवर, कुणी पाणी दिले. भाचीच्या घरी हे बंद झाले असेल तर तिला ते इतिहास म्हणून कळेल, आणि चालू असेल तर नाही म्हणायला एक माणूस पाठीशी आहे हे कळेल. त्याला जोडून आरोग्याच्या दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयोगटातल्या ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. दम लागणे, अभ्यासात लक्ष न लागणे, सतत झोप येणे यांना घरात आळस म्हटले जाते. पुष्कळदा उत्तर हिमोग्लोबिनच्या साध्या तपासणीत असते. शाळेत मिळणारी लोहाची गोळी टाकून देऊ नये, पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळावे, जेवणाला लागून चहा घेऊ नये. दुसरी गोष्ट गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणाऱ्या एचपीव्ही लशीची. बालरोगतज्ज्ञांच्या नेहमीच्या वेळापत्रकात ती १५ व्या वाढदिवसाच्या आत सुरू केली तर दोन मात्रा पुरतात, नंतर तीन घ्याव्या लागतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हाव्हॅक' ही याच प्रकारची भारतीय लस. तेव्हा १३ व्या किंवा १४ व्या वाढदिवसाला ड्रेसऐवजी लशीचा खर्च उचलण्याचा विचार मावशीने करावा. हे मात्र पत्राआधी बहिणीशी बोलून ठरवावे.

तिसरा विषय शिक्षणाचा, पण टक्के विचारू नयेत. त्यापेक्षा आपल्याला न मिळालेले आणि तिला मिळू शकणारे एखादे दार दाखवावे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ पर्यंत मुलींना प्रवेशच नव्हता. तिथून १७ मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत प्रवेश घेणाऱ्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास, पूर्ण माफ आहे. पैशांअभावी डिप्लोमावर थांबलेल्या आत्याने ही माहिती स्वतःच्या त्या वर्षाच्या आठवणीला जोडून लिहिली तर तिचे वजन वेगळेच पडते.

भेट रोख द्यायची असेल तर बँकेत द्यावी. १० वर्षांवरच्या मुलामुलींना बँकेच्या नियमांच्या मर्यादेत स्वतःचे बचत खाते चालवता येते. १५ व्या वर्षी आधारमधले बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद अद्ययावत करावी लागते, ते काम त्याच फेरीत उरकावे. करकायद्यात एक गंमत आहे. आईवडिलांची भावंडे आणि त्यांचे जोडीदार हे 'नातेवाईक' मानले जातात, त्यामुळे मावशी, आत्या, काकू, मामी यांच्याकडून भाची-पुतणीला मिळालेल्या कितीही रकमेवर तिला कर नाही. उलट दिशेने ती सूट मिळत नाही: भाचीने मोठेपणी मावशीला वर्षात ५० हजारांहून अधिक दिले तर मावशीला कर लागू शकतो. मावशीने दिलेल्या रकमेवरचे व्याज, भाची १८ वर्षांची होईपर्यंत, साधारणपणे आईवडिलांपैकी ज्यांचे उत्पन्न जास्त त्यांच्या उत्पन्नात धरले जाते.

गाडीची किल्ली भेट देणाऱ्यांनी थांबावे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलीने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलीला २५ वर्षांची होईपर्यंत परवाना नाही. 'कोपऱ्यापर्यंतच जाते' म्हणून मावशीची स्कूटर दिली तरी हेच लागू.

आत्यांच्या पत्रात एक विषय जवळजवळ नेहमी टाळला जातो, तो वडिलोपार्जित मिळकतीचा. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना एकत्र हिंदू कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः वाटा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना बाहेर ठेवले. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ला आली आणि लग्नाची अडचण गेली. त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी सांगितले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र तशाच राहतात. कायदा हा असा. प्रत्यक्षात अनेक आत्यांनी कधीतरी सुटीच्या दिवसांत माहेरी आल्यावर, साडीचोळी घेऊन, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्रावर सही केलेली असते. सातबाऱ्यावरून नाव गेले, आणि भाऊबीज चालू राहिली. काहींनी ते मनापासून केले, काहींना कागदात काय लिहिले आहे हे वाचून दाखवले गेले नाही.

हे भाचीला सांगणे अवघड आहे, कारण ज्या भावाच्या नावे हक्क सोडला तो तिचा बाप. म्हणून आरोपाचा सूर येऊ देऊ नये. त्या दिवशी काय घडले एवढेच लिहावे: कुणी बोलावले, काय सांगितले, कागद वाचला का, विचारायला वेळ मिळाला का, आज काय वाटते. सही स्वखुशीने केली असेल तर तेही लिहावे, ती आपली निवड होती. लिहून झाल्यावर पत्र एक रात्र ठेवून सकाळी पुन्हा वाचावे. भावाने ते उघडून वाचले तर त्याला खोटे म्हणता येणार नाही असे एकेक वाक्य असावे. त्यातून निघणारा सल्ला लहान आणि कामाचा आहे. १८ पूर्ण झाल्यावर सहीला वजन येते. भारतीय करार कायद्यानुसार त्याआधीचा करार तिला बांधत नाही, त्यानंतरचा बांधतो. कोणताही कागद सहीसाठी पुढे आला, नोकरीचा असो, भाड्याच्या खोलीचा असो की माहेरचा, तर त्याची प्रत मागून घ्यावी, दोन दिवस घरी ठेवावी, आणि आपल्या बाजूच्या एका माणसाकडून वाचून घ्यावी. घाई करणाऱ्याला घाई का आहे, हे विचारावे. हा विषय १३ व्या वर्षी लिहू नये, १७ व्या किंवा १८ व्या वाढदिवसासाठी राखावा. मतदार नोंदणीचा अर्जही १७ पूर्ण झाल्यावर आगाऊ भरता येतो, आणि वर्षात चार पात्रता दिनांक असल्यामुळे पुढच्या जानेवारीची वाट पाहावी लागत नाही.

पत्राचे स्वरूप साधे ठेवावे. हाताने लिहावे, दोन पाने पुरे. भाची इंग्रजी माध्यमाची असेल तरी मराठीतच लिहावे, फक्त वाक्ये लहान आणि अक्षर सुटे ठेवावे. परदेशात वाढणाऱ्या भाचीला देवनागरी वाचता येत नसेल तर मजकूर आपल्या आवाजात रेकॉर्ड करून सोबत पाठवावा. 'चि.' ने सुरुवात आणि 'तुझीच' ने शेवट, हा साचा जुना असला तरी चालतो, कारण अशी पत्रे तिला दुसरे कुणी लिहीत नाही. लिफाफा बंद करून तिच्या हातात द्यावा, चारचौघांत वाचून दाखवायला सांगू नये. पत्र दिल्याचे तिच्या आईला सांगावे, मजकूर सांगू नये. बहिणीबहिणींत किंवा नणंद-भावजयीत ताण असेल तर त्याची एक ओळही पत्रात नको. पोर मग निरोप्याचे काम करू लागते.

उत्तराची अपेक्षा ठेवू नये. या वयात मुली पत्र वाचून ड्रॉवरमध्ये टाकतात, आणि चार महिन्यांनी भलत्याच वेळी त्यातला एखादा प्रश्न विचारतात. 'पत्र वाचलंस का?' असे विचारणे टाळावे. सल्ल्याच्या उलट वागली तर पुढच्या पत्रात त्याची आठवण करून देऊ नये. लिहिलेल्या पत्राची झेरॉक्स किंवा मोबाइलवर फोटो मात्र ठेवावा, म्हणजे पुढच्या वर्षी तीच बोरन्हाणाची आठवण पुन्हा लिहिली जात नाही.